क्लच घसरतो, रिव्हर्सला खरखर, सकाळी निळा धूर: जुनी गाडी उघडण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर कळेल. १७ वर्षांची पेट्रोल गाडी, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली, पाच गिअरची मॅन्युअल. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो. सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळसर धूर निघतो आणि मिनिटभरात थांबतो. गर्दीत अडकली की टेम्परेचरचा काटा वर सरकतो. एका मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडायला सांगितलाय, दुसरा म्हणतो इंजिनाचं काम काढा. यातलं आधी कोणतं करू, हा तुमचा मुख्य प्रश्न. शिवाय घरातल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल बदलू का, असंही विचारलंय.

माझं उत्तर: आत्ता दोन्ही उघडू नका. तुम्ही चार तक्रारी एका दमात सांगितल्यात, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं गाडी सगळीकडून खचली. प्रत्यक्षात हे चार वेगळे दोष असण्याची शक्यता जास्त, आणि चारही दोषांना ‘नक्की कुठे’ हे सांगणारी चाचणी इंजिन किंवा गिअरबॉक्स न उघडता करता येते. बहुतेक चाचण्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. गिअरबॉक्स उतरवायला दिवस जातो, आणि दोष तिथे नसला तर तो दिवस फुकट.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत. क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक, रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांची गती जुळवणारा भाग) आहे की नाही, इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून पुढे दिलेले आकडे सर्वसाधारण धरा. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

सुरुवात तापण्यापासून करा. चारपैकी इंजिनाचा जीव घेऊ शकेल अशी ही एकच तक्रार आहे. क्लच घसरला तर क्लच प्लेट जाते, निळा धूर आला तर थोडं ऑइल जातं. पण इंजिन एकदा सडकून तापलं की ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकतं, हेड गास्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) फुटतं, आणि दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं मग खरं ठरतं. हे निस्तरेपर्यंत काटा नेहमीच्या जागेच्या वर गेला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

गर्दीत तापते पण मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, हे वर्णन थेट पंख्याकडे बोट दाखवतं. गाडी पळत असताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभी असताना तो पंख्यानेच द्यावा लागतो. एसी बंद ठेवून गाडी उभ्याने चालू ठेवा आणि काट्यावर लक्ष ठेवा. बहुतेक गाड्यांत पाणी ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचलं की पंखा सुरू व्हायला हवा. झाला नाही तर आधी फ्यूज पाहा, मग पंख्याचा कनेक्टर काढून त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्या. गरगर फिरला तर मोटार चांगली आहे आणि दोष रिले, वायरिंग किंवा तापमानाच्या स्विचमध्ये आहे. फिरलाच नाही, किंवा हाताने ढकलल्यावर रडतखडत फिरला, तर मोटारच खराब आहे. हे करताना बोटं आणि सैल कपडे पात्यांपासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

पंखा व्यवस्थित चालत असेल तर टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत पाहा. जुन्या गाड्यांत तिथे माती, किडे आणि पिसं यांचा अक्षरशः गालिचा बसलेला असतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवायचा. जोराच्या धारेने पातळ पत्रे आडवे होतात. उलट गाडी गर्दीत ठीक आणि हमरस्त्यावर वेगात तापत असती, तर मी आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा पाण्याचा पंप धरला असता.

रेडिएटरचं झाकणही बदलून घ्या. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब साधारण बारमध्ये धरा. एक बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा.

हेड गास्केटची शंका इथेच फेडून घ्यावी. थंड इंजिन, झाकण उघडं, पाणी काठोकाठ, आणि गाडी चालू करा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, तेवढे बुडबुडे सोडून द्या. ते मिनिटामिनिटाने येतच राहिले, किंवा झाकण लावून थंड इंजिन चालू केल्यावर वरचा होस मिनिटभरात दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण मिळतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळं पडलं तर गास्केट किंवा हेड गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली थोडी दुधाळ साय दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या बाष्पाची असते. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं दिसत असेल, तर मात्र तो पाणी मिसळल्याचा पुरावा.

आता क्लच. तुमच्या वर्णनात एक विसंगती आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. चढावर घसरणं म्हणजे क्लच पूर्ण पकडत नाही. रिव्हर्सला खरखर म्हणजे, वरवर पाहता, क्लच पूर्ण सोडत नाही, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. एकाच क्लचने पकडूही नये आणि सोडूही नये, हे साध्या झिजेने सहसा होत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

घसरणं तपासायची सोपी रीत: मोकळी सपाट जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पाय ब्रेकवर. तिसरा किंवा चौथा गिअर टाका, इंजिन मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवा आणि क्लचचं पेडल हळूहळू पूर्ण सोडा. चांगल्या क्लचमध्ये इंजिन धडपडून बंद पडतं. बंद न पडता गुरगुरत राहिलं तर क्लच घसरतोय. दोन सेकंदांत निकाल कळतो, मग लगेच क्लच दाबा. ही चाचणी दोनदा-तीनदा करून बघण्यासारखी नाही. प्रत्येक वेळी लायनिंग, म्हणजे क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर, जळतं.

गाडीला टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) असेल तर त्याहून सौम्य रीत आहे. एका गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या आणि वेग यांचं प्रमाण ठरलेलं असतं. तिसऱ्या गिअरमध्ये सपाटीवर २००० फेऱ्यांना ४० चा वेग मिळत असेल, तर ३००० फेऱ्यांना ६० मिळायलाच हवा, मग चढ असो की उतार. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ३००० फेऱ्यांना ५० च दिसला, तर उरलेलं क्लचमध्ये घसरून उष्णता होतंय. आणि प्रमाण तंतोतंत राहिलं, तर क्लच निर्दोष आहे आणि ताकद इंजिनच देत नाही. या एका निरीक्षणाने अर्धं निदान होतं, म्हणून ते सोबत एकाला बसवून, आकडे कागदावर लिहून करा.

रिव्हर्सची चाचणी अशी: गाडी उभी, इंजिन आयडलिंगवर, न्यूट्रल. क्लच तळापर्यंत दाबा, मनात सहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच दाबल्यावरही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणारा दांडा) काही सेकंद स्वतःच्या गतीने फिरत असतो. अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे घाईने टाकला की दात एकमेकांवर घासतात. सहा सेकंद थांबून रिव्हर्स मुकाट्याने पडला, तर दोष काहीच नाही, सवय बदलायची. किंवा आधी दुसरा गिअर अलगद टाकून शाफ्ट थांबवायचा आणि मग रिव्हर्स. थांबूनही खरखरला, आणि इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील, तर मात्र क्लच सोडत नाही. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर क्लच बाजूला ठेवा आणि गिअर लीव्हरची लिंकेज (लीव्हर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या दांड्या किंवा केबल), तिचे बुश किंवा सिलेक्टर पाहा.

इथे तुम्हाला एक प्रश्न: मागच्या काही महिन्यांत कोणी क्लचची केबल आवळून दिली होती का? कारण हा क्रम वारंवार दिसतो. रिव्हर्स खरखरतो अशी तक्रार येते, गॅरेजवाला केबल आवळतो, खरखर कमी होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण पेडलची मोकळी चाल संपलेली असते. मग पाय पेडलवर नसतानाही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकून राहतं, क्लच प्लेट पूर्ण दाबली जात नाही आणि चढावर घसरायला लागते. म्हणजे तुमच्या दोन विरुद्ध तक्रारींना जोडणारा धागा हा असू शकतो: मूळ दोष न सोडण्याचा, आणि घसरणं हे त्यावरच्या उपायातून आलेलं.

मोकळी चाल पायाने कळत नाही, हाताने पाहावी लागते. खाली वाकून पेडल दोन बोटांनी दाबा. सुरुवातीला नुसत्या परतीच्या स्प्रिंगचा हलका विरोध लागतो, आणि मग एकदम जड होतं. त्या दोन टप्प्यांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. हाताने ॲडजस्ट करायच्या केबलच्या बऱ्याच गाड्यांत ते १५ ते २५ मिलिमीटर असतं. शून्य असेल तर केबलचं नट सैल करून चाल परत आणा आणि घसरण्याची चाचणी पुन्हा करा. घसरणं लगेच थांबलं तर उत्तम, पण असं बरेच दिवस चालवलेलं असेल तर लायनिंग तोवर भाजून गुळगुळीत झालेलं असतं. क्लच हायड्रॉलिक असेल, किंवा केबल आपोआप जुळवून घेणारी असेल, तर आवळण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

चाल बरोबर करूनही क्लच सोडत नसेल तर केबल पूर्ण काढून पाहा. टोकाशी तारा तुटून फुलासारख्या उघडलेल्या असतात, किंवा केबल बाहेरच्या नळीत ओढून चालते. एकाला पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली केबल जिथे पत्र्यातून आत शिरते तिथे नजर ठेवा. जुन्या गाड्यांत तो पत्राच चिरलेला असतो आणि पेडलसोबत आतबाहेर होतो. पेडलची निम्मी चाल तिथेच संपते. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दोन-तीनदा भराभर मारून मग रिव्हर्स टाका. तसा तो नीट पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरचे रबर गेलेत. पेडलच्या वरच्या बाजूला ओल आहे का, स्लेव्हच्या रबरी टोपीखाली फ्लुइड साठलंय का, हे बोट फिरवून पाहा.

गाडीखाली जाता आलं तर आणखी एक गोष्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या घंटेच्या आकाराच्या हाउसिंगला तळाशी बहुधा एक छोटं भोक किंवा फट असते. तिथे ऑइल ओघळलंय का पाहा आणि त्याचा वास घ्या. काळं, इंजिनाच्या ऑइलसारखं असेल तर क्रँकशाफ्टचं मागचं सील गळतंय. गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. ऑइल लायनिंगवर गेलं की क्लच घसरतोही आणि चिकटून राहिल्याने सोडतही नाही, म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच कारणाने येऊ शकतात. असं असेल तर गिअरबॉक्स उतरवणं अटळ आहे, पण क्लचसाठी आणि सीलसाठी. गिअरबॉक्सच्या आतलं काहीही खोलायची गरज नाही. हा फरक मेकॅनिकशी बोलताना स्पष्ट ठेवा.

गिअरबॉक्समध्येच दोष आहे असं कधी म्हणायचं? त्याची लक्षणं वेगळी असतात. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचचाच भाग. एकाच गिअरमध्ये ओरडतो: त्या गिअरचे दात. सगळ्या गिअरमध्ये वेगासोबत वाढतो आणि न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही राहतो: डिफरन्शिअलचं (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) किंवा चाकाचं बेअरिंग, हळुवार डावी-उजवीकडे वळवताना आवाज बदलला तर चाकाचं. दुसऱ्या गिअरला खरखर होते, पण न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून, पुन्हा दाबून गिअर टाकला की गुपचूप पडतो: त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीये. आणि गिअर निसटून बाहेर येत असेल तर आधी इंजिनाची माउंटिंग पाहा. फाटलेल्या रबरामुळे इंजिन ॲक्सिलरेटरसोबत डोलतं आणि लिंकेज ओढून गिअर काढतं. तुमच्या तक्रारीत यातलं एकही लक्षण नाही, म्हणून गिअरबॉक्स उघडण्याच्या सल्ल्याला मला आधार दिसत नाही.

गिअर ऑइल मात्र बदला. आधी भरायचा बोल्ट सैल होतोय याची खात्री करा, मगच खालचा काढा. ऑइल सांडून बसल्यावर वरचा बोल्ट गंजून अडलेला निघाला तर गाडी जागेवरच अडकते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी, टूथपेस्टसारखा लेप असणं साहजिक आहे. तो बोटांत चोळा: मऊ लागला तर ठीक, कण टोचले तर काळजी. ऑइलात सोनेरी चमक दिसली तर ती पितळी सिंक्रो रिंगांची झीज. छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत साधारण २ ते अडीच लिटर लागतं. गाडी समतल ठेवून भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरायचं. गिअर ऑइलवर जीएल-४, जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ ‘जास्त चांगलं’ समजून घालू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत, आणि ते जास्त निसरडं असल्याने रिंगांची पकड कमी होऊन गिअर खरखरतात.

आता निळा धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच त्यातून कळतं. ते कधी जळतंय यावरून कुठून येतंय ते कळतं. रात्रभर उभ्या गाडीत वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून हळूहळू खाली उतरतं आणि सकाळी एकदम जळून जातं. मिनिटभरात थांबणारा धूर म्हणून व्हॉल्व्ह सीलकडे, म्हणजे त्या दांड्यांवरच्या रबरी सीलकडे, बोट दाखवतो. लांब उतारावर पाय काढून, पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर भपकन येणाराही तसाच. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या इंजिनात धूर गरम झाल्यावरही, चढावर जोर लावताना, सतत येतो. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारचं आहे. तरी आकडा हातात असलेला बरा, म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणारी) करून घ्या, आणि ती नीट करून घ्या, कारण अर्धवट केली तर ती चांगल्या इंजिनालाही नापास करते.

इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज. चारही प्लग काढलेले, इग्निशन कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवलेले. एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. थ्रॉटल बंद राहिला तर हवाच आत जात नाही आणि सगळे सिलिंडर कमी दाखवतात. प्लगच्या भोकाला प्रेशर गेज लावून प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच, पाच-सहा धक्के द्यायचे. चांगल्या पेट्रोल इंजिनात १० ते १४ बार, म्हणजे १४५ ते २०० पीएसआय मिळतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांमधला फरक. तो साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा.

समजा आकडे १२, ११.८, ८.५, १२.१ असे आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटरच्या आसपास इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून घाला आणि पुन्हा मोजा. ८.५ चे ११ झाले तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे रिंगा दोषी. ८.६ च राहिले तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर त्यांच्यामधलं गास्केट. आणि व्हॉल्व्ह जळला म्हणून हेड उतरवण्याआधी फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हवर ठेवलेली बारीक फट, पाहा. ते शून्य झालं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन कमीच येतं. वेळीच पाहिलं तर ॲडजस्टमेंटवर काम भागतं. गॅसवर चालवलेल्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेल्याने हे जास्त होतं. डिझेल गाडीवर हा ऑइलचा प्रयोग करू नका, आणि पेट्रोलचं गेजही तिला चालत नाही. तिथे दाब दुपटीहून जास्त असतो.

चौघे सारखे आले तर रिंगा आणि बोअरवर पैसे घालवण्याचं कारण उरत नाही. व्हॉल्व्ह सील बदलायला बऱ्याच इंजिनांत हेड उतरवावं लागत नाही. व्हॉल्व्ह कव्हर आणि गरजेनुसार कॅमशाफ्ट काढायचा, व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून आतून आधार द्यायचा आणि स्प्रिंग दाबून सील बदलायचं. आधारासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरतात, पण मला दोरीची रीत जास्त भरवशाची वाटते. पिस्टन वर येण्याच्या थोडा आधी थांबवायचा, प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सारायची, टोक बाहेर ठेवायचं, आणि क्रँक हाताने हळूच फिरवून दोरी व्हॉल्व्हखाली दाबून बसवायची. कॅम काढायचा असेल तर टायमिंगच्या खुणा आधी रंगवून ठेवा, आणि बेल्टचं वय माहीत नसेल तर तोही याच कामात बदला.

त्याआधी एक छोटी गोष्ट: पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातले वायू इनटेककडे (हवा आत घेण्याच्या मार्गाकडे) सोडणारा. तो चोंदला की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि ऑइल सगळ्या सीलमधून बाहेर रेटलं जातं, क्रँकच्या मागच्या सीलमधूनही. काढून कानाजवळ हलवा. आतला भाग खुळखुळला पाहिजे. मग आयडलिंगवर ऑइल भरायच्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा धरा. तो आत ओढला गेला तर ठीक, धपधप वर उडाला तर पीसीव्ही चोंदलाय किंवा रिंगांतून वायू येतोय. ऑइल किती जातं तेही मोजा: वरच्या खुणेपर्यंत भरा, १००० किलोमीटर चालवा आणि पुन्हा त्या खुणेपर्यंत यायला किती लागतं ते मापाने पाहा. ३०० मिलिलिटरच्या आत असेल तर मी सीलसुद्धा घाईने बदलणार नाही.

टॅकोमीटरच्या चाचणीत क्लच निर्दोष ठरला तर ताकद इंजिनात शोधायची. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. आयडलिंगला अधिक १५-२० आणि २५०० फेऱ्यांवर शून्याकडे येत असेल, तर इनटेकमध्ये कुठून तरी फुकट हवा शिरतेय. आयडलिंगला ठीक आणि जोर लावल्यावर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर किंवा पंप. ट्रिम ठीक, तरी गाडी वरच्या फेऱ्यांत गुदमरल्यासारखी करत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या नळीतला, धुरातले घातक वायू कमी करणारा डबा) चोंदलाय का पाहा. त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २५०० फेऱ्यांवर ०.२ बारपेक्षा जास्त दाब दिसला तर रस्ता अडलेला आहे.

चाचण्यांनी क्लचच दोषी ठरवला तर बसवताना काय काय पाहायचं ते सांगतो, कारण हे काम खराब होतं ते तपशिलात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. क्रँकचं मागचं सील ओलसर असेल तर तेही. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या जड चाकावर) निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर घासून किंवा बदलून घ्या. नव्या प्रेशर प्लेटवर गंज न येण्यासाठी लावलेला तेलकट थर ब्रेक क्लीनरने पुसायचा. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर लिहिलेली असते. उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या उभ्या खाचांना) ग्रीसचा नुसता हात फिरवायचा, जास्तीचं पुसून टाकायचं. उरलेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यायचे. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर एक क्षणही लोंबकळू देऊ नका. प्लेटचं मधलं केंद्र वाकतं आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून सोडत नाही. जुन्या लायनिंगची धूळ हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. नंतरचे ५०० किलोमीटर चढावर क्लचवर गाडी धरणं आणि जोरात उठवणं टाळा.

ऑटोमॅटिकचं ऑइल आधी पाहा. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू, लीव्हर ‘पी’ वर ठेवून पाहतात; मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर तसं करा. ऑइल पांढऱ्या कागदावर टिपा. लाल किंवा फिकट तपकिरी आणि जळका वास नसेल तर बदलायला हरकत नाही. गुलाबी दुधाळ असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरतंय. गाडी चालवू नका, आधी कूलर. काळं आणि जळका वास असेल, आणि गिअर आधीच घसरत असतील, तर ऑइल बदलून ते सुधारणार नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचचं लायनिंग जळून गेलेलं आहे. मशिनने दाब देऊन फ्लश करायला मी सांगणार नाही. पॅन उतरवून, फिल्टर बदलून जेवढं निघेल तेवढंच काढा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या, ऑइलने चालणाऱ्या भागात) बरंच उरतं, म्हणून एका खेपेला साधारण निम्मंच बदललं जातं. काढलेलं ऑइल मापात ओतून तेवढंच नवं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं घाला, आणि १००० किलोमीटरनंतर हेच पुन्हा करा.